फॉर्मवर ‘निरुद्योगी’ लिहिलं, ताई

पत्र थोडं कापून देते आहे.

“ताई, नमस्कार. वय ५८. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत ३१ वर्षं मोल्डिंगला होतो. दिवाळीच्या आधी मणक्याचं दुखणं वाढलं, डॉक्टरांनी वजन उचलणं बंद केलं. हिशेब घेऊन घरी बसलो. मंडळी (बायको) गावातल्या सरकारी मराठी शाळेत अक्षरदासोहाच्या, म्हणजे पोरांच्या दुपारच्या जेवणाच्या, स्वयंपाकाला जातात, त्यामुळे घर आता माझ्याकडे. भाकरी सोडून सगळा स्वयंपाक (भाकरी अजून फुगत नाही), भांडी, धुणं, ८४ वर्षांच्या आईचं औषधपाणी, नळाला पाणी आलं की बॅरल भरणं. दिवसभर पाय टेकत नाही आणि रात्री पडल्यावर वाटतं, आज केलं काय? काहीच नाही. फौंड्रीत असं कधी वाटलं नाही. वाळूचा बॉक्स फोडून ओतलेला जॉब बाहेर आला, हातोडीनं टोला दिला आणि ठण्ण वाजला, की थकवा जायचा. परवा मुलीच्या स्कॉलरशिपचा ऑनलाईन फॉर्म भरताना झेरॉक्सवाल्या पोरानं विचारलं, वडिलांचा उद्योग काय? म्हटलं, सध्या घरीच. त्यानं कन्नडमध्ये ‘निरुद्योगी’ टाकलं. कट्ट्यावर मित्र विचारतात, ‘काय गा, भाकरी जमली काय?’ एका मंगल कार्यालयात नाईट वॉचमन पाहिजे, ९००० देतो म्हणतात. घेऊ का? आणि मी आता करतोय त्याला काम म्हणायचं का? आमची मंडळी लग्नानंतर १९ वर्षं काही करत नव्हती, घरीच होती, तिला असं कधी वाटलं नाही. मलाच का वाटतं?
ता. क. भात रोज एक तर खाली लागतो, नाही तर गिच्च होतो. उपाय सांगा.”

– एक वाचक, मच्छे-पिरनवाडीच्या बाजूचे

भाऊ,

आधी त्या ‘निरुद्योगी’चा निकाल लावू. आपल्या भागात हा शब्द दोन तोंडांचा आहे. कन्नडमध्ये निरुद्योगी म्हणजे ज्याला नोकरी नाही तो. साधा सरकारी शब्द, त्यात शिवी नाही. मराठी कानाला मात्र तो ‘रिकामटेकडा’ असा ऐकू येतो. त्या पोरानं तुम्हाला बेरोजगार लिहिलं आणि तुम्ही घरी येईपर्यंत रिकामटेकडे झालात. भाषेवरून आपण इतकी वर्षं भांडलो, पण असला चिमटा कुठल्या ठरावात येत नाही. फॉर्म दुरुस्त करायला मात्र जाऊ नका, उगीच पोरीचा अर्ज अडकायचा. पुढच्या वेळी त्याला ‘मनेकेलस’ लिही म्हणा. मने म्हणजे घर, केलस म्हणजे काम. आपलं ‘घरकाम’ही तसंच. दोन्ही भाषांनी ‘काम’ शब्दातच ठेवलंय. ते गळतं रकान्यात.

आणि हे गळणं झेरॉक्सवाल्या पोरापासून सुरू होत नाही, वरून येतं. जनगणनेत घरच्यापुरती का होईना, म्हशीची धार काढली तर ती बाई ‘काम करणारी’ धरली जाते. तेच दूध आत आणून तापवलं, विरजलं, घुसळून लोणी काढून कढवलं, तरी तेवढ्यावर ती ‘काम न करणारी’. शेतात भात पिकवला तर काम, तो शिजवला तर नाही. हिशेबाची जागतिक रीतच तशी आहे: घरासाठी वस्तू पिकवली तर उत्पन्नात धरायची, घरासाठी सेवा केली तर सोडून द्यायची. पिगू नावाच्या इंग्रज अर्थतज्ज्ञानं १९२० साली यातली गंमत दाखवली होती. एखाद्यानं आपल्या घरच्या पगारी स्वयंपाकिणीशी लग्न केलं, तर देशाचं उत्पन्न तेवढ्यानं घटतं. चूल तीच, बाई तीच, आमटीही तीच, फक्त पगार बंद झाला. २००१ च्या जनगणनेत घरकाम करणाऱ्या बायांना भिकारी आणि कैद्यांच्या पंगतीला बसवलं होतं. त्यावर २०१० साली सर्वोच्च न्यायालयानं सरकारला चांगलं सुनावलं. त्या पंगतीत आता तुम्ही आलात, एवढंच.

कागद थोडे बदलले आहेत. २०१३ साली जिनिव्हात कामगार-आकडेवारीवाल्यांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिथं घरातल्यांसाठी केलेलं कामही ‘काम’ या व्याख्येत घेतलं गेलं. आपलं सरकार आता लोकांचा वेळ मोजतं. २०२४ च्या पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात आणि करणाऱ्या पुरुषाची ८८, असं निघालं. आईची देखभाल त्यात नाही, ती वेगळी मोजतात. तुम्ही ८८ च्या पुष्कळ पुढे गेलाय.

तेव्हा ‘हे काम म्हणायचं का’, तर हो. त्यावर अजून चार ओळी खर्च करण्यात अर्थ नाही. तुमचा खरा प्रश्न पुढचा आहे. काम आहे, तर मग कामासारखं वाटत का नाही?

माझी आई निपाणीत घरी विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं, दोरा बोटाला. हजार विड्यांवर मजुरी. शनिवारी विड्या द्यायला जायचं, तिथं मोजणी व्हायची, छाट (नापास विड्या) बाजूला काढायचे, त्यावरून भांडण व्हायचं. हात जोडून नाही, कमरेवर हात ठेवून भांडायची आई. १९६६ च्या विडी कामगार कायद्यानं घरात बसून विड्या वळणारीलाही कामगार मानलं होतं. तर आई सूप घेऊन बसली की वडील आम्हाला दटावायचे, ‘आई कामात आहे, मध्ये मध्ये करू नका.’ तासाभरानं तीच बाई सूप उचलून त्याच चटईवर परात घेऊन पीठ मळायला बसली, की आम्ही तिघंही तिच्या पदराला. वडीलही तेव्हाच चहा मागायचे. पिठाला हात लागले की आई कुणाच्याही हाकेला मोकळी! चटई तीच, बाई तीच. एका कामाला कुंपण होतं, दुसऱ्याला नव्हतं.

मला वाटतं, तुमचं दुखणं इथंच कुठंतरी आहे. मोल्डिंगचा बॉक्स भरताना तुम्हाला कुणी ‘जरा कांदा आणून दे’ म्हटलं नसणार. आता आई हाक मारते, गॅसवाला येतो, दूध उतू जातं, नळाला पाणी येतं, आणि तुम्ही एक काम चार तुकड्यांत करता. तुकडे जोडून संध्याकाळी दिवस तयार होत नाही. तुम्ही लिहिलंत तो टोला, तो ठण्ण, तो तरी कशाचा? काम संपल्याचा. भाजी संपते ती पोटात, आणि पुरावा खाल्ला जातो. सकाळी सिंक पुन्हा भरलेलं. दुसरं, फौंड्रीत चांगला जॉब निघाला तरी नोंद व्हायची आणि ब्लोहोल (हवेचं भोक) आला तरी. दोन्हीकडे रजिस्टर होतं. घरात फक्त रिजेक्शनची नोंद होते. मीठ जास्त पडलं तर सगळ्यांना कळतं. सहा दिवस बेताचं पडलं, हे कुणी बोलत नाही.

एक चिमूट मीठ मात्र तुमच्या आठवणीवरही टाकते, रागावू नका. ३१ वर्षांत रोज ठण्ण वाजला असेल असं मला वाटत नाही. तिसरी पाळी होती, धूळ होती, भट्टीसमोरचा मे महिना होता, आणि मणका गेला तो काही घरच्या बॅरलमुळं नाही. हिशेब घेतल्यावर फौंड्रीतली वाळूसुद्धा मऊ लागते. आईला विड्यांचं प्रेम नव्हतं, तंबाखूनं तिला रात्ररात्र खोकला यायचा. तिला प्रेम होतं वाकळ शिवायचं. जुन्या लुगड्यांचे थर, बारीक धावदोरा, कडेला तिची ती खास दुमड. त्याचा एक पैसा मिळत नव्हता. पण पाव्हणी बाई वाकळ उलटून बघायची आणि विचारायची, ‘हात कुणाचा हो?’ तो प्रश्न ऐकायला आई आतल्या खोलीतून बाहेर यायची. म्हणजे मजुरी होती तिथं गोडी नव्हती, गोडी होती तिथं मजुरी नव्हती. पैसा आला की काम गोड होतं, असं समजून तुम्ही वॉचमनकी शोधत असाल तर जरा थांबा. आणि गोडी आहे म्हणून पैसा कशाला, असं कुणी सांगितलं तर त्याच्यापासूनही सावध राहा.

याचा नमुना तुमच्या घरातच आहे. वहिनी शाळेत स्वयंपाक करतात, त्यांना मिळतं त्याला पगार म्हणत नाहीत, ‘गौरवधन’ म्हणतात. केंद्रानं २००९ साली ठरवलं महिना १००० रुपये, तेही वर्षातले १० महिने. राज्य वर भर घालतं म्हणून जरा बरं. शब्द बघा कसा निवडलाय. पगार म्हटला की किमान वेतन आलं, रजा आली, पीएफ आला. गौरव म्हटला की गौरवावर भागतं. ‘घरची लक्ष्मी’ म्हणून घरात आपण जे करतो, तेच सरकारनं शाळेच्या चुलीवर केलं. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे २००० रुपये वहिनींना मिळत असतील तर जरूर घ्यावेत, कुणाच्या बापाचे नाहीत. पण ते रेशन कार्डावरच्या कुटुंबप्रमुख बाईला मिळतात, कामाबद्दल नाही. ती मजुरी नव्हे.

आता तुमच्या पत्रातलं एक वाक्य. छापताना मी ते कापलं नाही, तुम्ही पुन्हा वाचावं म्हणून. ‘१९ वर्षं काही करत नव्हती, घरीच होती.’ भाऊ, झेरॉक्सवाल्यानं तुमच्याबद्दल जे चार महिन्यांनी लिहिलं, ते तुम्ही वहिनींबद्दल १९ वर्षं बोलत आलात, आणि परवाच्या पत्रातही लिहिलंत. मला वाटतं ते तुमच्या लक्षातही आलं नसेल. माझे वडील, भला माणूस, आईनं दिवसाला हजार विड्या वळून वर घर चालवलेलं असताना लोकांना सांगायचे, ‘घरीच असते, थोडाफार हातभार लावते.’ आणि ‘तिला असं कधी वाटलं नाही’ हे तुम्हाला कसं कळलं? विचारलं होतं? तुमची पहिली पाळी सातला असेल तर डबा पहाटे भरला जात होता. तो कोण भरत होतं?

विचारा त्यांना. पण ‘मी चुकलो’ वगैरे भाषण करायला जाऊ नका, बायकांना त्याचा कंटाळा येतो, वर त्यांनाच समजूत काढावी लागते. साधं विचारा, ‘त्या वर्षांत दुपारी तू काय करत होतीस?’ आणि ऐका. त्याच भेटीत दुसरंही विचारा: शाळेतून दमून येते तरी चेहरा हसरा का असतो? (तुमच्या पत्रात हे होतं, मी कापलं.) माझा अंदाज सांगते. तिथं जोडीला दुसरी बाई आहे, दोघी बोलत बोलत तांदूळ निवडतात. घंटा आहे, म्हणजे शेवट आहे. रविवार आहे. आणि ताट पुढे करून ‘अजून भात’ म्हणणारं पोर आहे. काम तेच, भात आणि सांबार. तुमच्या स्वयंपाकघरात यातलं काय आणता येतं ते बघा.

रविवार आणता येतो. आठवड्यातला एक दिवस तुमचा चुलीशी संबंध नाही, वहिनींचाही नाही. मुलगी कॉलेजात जाते ना, ती भात लावेल. नाही तर विकतचं आणा, बेळगावात खानावळी कमी आहेत काय? शेवटही आणता येतो. रात्री नऊनंतर भांडी सकाळवर, कुणी काही म्हणायचं नाही. आणि मिस्त्रीही आणता येतो. तुम्ही लिहिलंय, भातावरून मंडळी ‘टोमणे’ मारतात. फौंड्रीत जुना मिस्त्री आई-बहिणीवरून बोलला तेव्हा तुम्ही त्याला शिकणं म्हणालात, आणि २७ वर्षं चूल सांभाळलेली बाई पाणी जास्त झालं म्हणाली तर टोमणा? भाकरी तिच्याकडूनच शिका, तिच्यासमोर, परातीत. भाकरी फुगली की ठण्ण वाजत नाही, पण तव्यावरून निखाऱ्यावर टाकल्यावर पोटात वाफ धरून ती जी उठते ना, ते बघायला माणूस हातातलं सोडून थांबतो. कट्ट्यावरचे चार-सहा महिने हसतील, मग त्यांच्या घरी कुणीतरी आजारी पडेल आणि एखादा तुम्हालाच पिठाबद्दल विचारायला येईल. हळू आवाजात.

वॉचमनच्या नोकरीचं. घराला ९००० ची गरज आहे का, हे पत्रात कुठंच नाही. असेल तर घ्या, लाज नाही. पण आधी पाटीवर मांडा: रात्री जागणार, सकाळी येऊन दुपारपर्यंत झोपणार. आईला सकाळची गोळी कोण देणार? भाजी कोण चिरणार? तुमची जागा रिकामी राहत नाही, वहिनींची पहाट पुन्हा साडेचारला सुरू होते, वर शाळेतली मोठी पातेली. त्यांना बाजूला बसवून हा हिशेब करा आणि त्या हो म्हणाल्या तर जा. नुसतं रकान्यात भरायला शब्द पाहिजे म्हणून रात्र विकू नका.

पैशाचं एक काम मात्र याच महिन्यात करा. हिशेबाचे पैसे, पीएफ तुमच्या एकट्याच्या नावानं ठेवले असतील, बहुतेकांचे तसेच असतात. खातं दोघांच्या नावानं करा, घराच्या उताऱ्यावरही वहिनींचं नाव यायला काय लागतं ते ग्रामपंचायतीत विचारून या. उपकार म्हणून नको. २०२३ साली मद्रास उच्च न्यायालयापुढं असंच प्रकरण होतं. नवरा सौदीत कमवत होता, बायको इथं घर आणि मुलं सांभाळत होती. न्यायालय म्हणालं, तिच्या घर सांभाळण्यावर तो कमवू शकला, तेव्हा त्यातून घेतलेल्या मालमत्तेत तिचा अर्धा वाटा. तो निकाल तिकडचा आहे, आपल्या धारवाडच्या खंडपीठाचा नव्हे, पण मुद्दा मच्छेलाही लागू पडतो. एरवी आपल्याकडं घरच्या बाईच्या कामाची किंमत कोर्टात कधी निघते माहीत आहे? ती अपघातात गेल्यावर. २००१ साली एका आगीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं गृहिणीच्या सेवांची किंमत धरली महिना ३००० रुपये, आणि २०२१ च्या निकालात पुन्हा सांगितलं की घरकाम म्हणजे बिनकामाचं नव्हे. नुकसानभरपाईच्या दाव्यात! जिवंत असताना पासबुकावर नाव घातलेलं बरं.

आईचं राहिलं. त्यांना उचलणं-बसवणं असेल तर तुमच्या मणक्यानं ते करायचं नाही, डॉक्टरांनी सांगितलंय. तिथं हट्ट नको. धाकटा भाऊ आहे असं पत्रात ओझरतं आलंय. तो सणाला येतो आणि आईच्या पाया पडून जातो. त्याला आठवड्यातला एक दिवस वाटून द्या.

आता भात. तुम्ही दिवाळीच्या सुमाराला चुलीशी आलात ना? मग अर्धा दोष तुमचा नाहीच. त्याच वेळी खानापूरकडचा नवा तांदूळ घरात येतो. नव्या तांदळाला पाणी कमी लागतं, आणि वहिनींचा अंदाज तुम्ही जुन्यावरचा धरलेला असणार. जुन्याला वाटीला दोन वाट्या घालत असाल तर नव्याला अर्धी वाटी कमी करून बघा. एक कढ आला की आच बारीक, झाकण ठेवा आणि पुन्हा पुन्हा उघडून बघू नका. खाली लागतो तो आच मोठी राहते म्हणून, जाड बुडाचं पातेलं घ्या. शाळेतल्या पातेल्याला वहिनी काय करतात तेही विचारा. शंभर पोरांचा भात खाली न लागू देणं मला अजून जमलेलं नाही.